वाळवंटात परसात कोंबड्या पाळायच्यात? मग आधी सावलीचं बघा

कोंबडी हा मुळात जंगलातला पक्षी आहे, एवढं आधी डोक्यात फिट करून घ्या. तिचे पूर्वज म्हणजे तांबड्या रानकोंबड्या, दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या झाडीत पालापाचोळा उकरत फिरणाऱ्या, दुपारी झुडपाखाली घुसून बसणाऱ्या. तिला आपण उचलून अशा जागी आणतो जिथे दुपारी सरडासुद्धा बिळाबाहेर येत नाही. तरी ती जगते, अंडी देते, माजही करते, पण एका अटीवर, जंगलाने तिला जी सावली फुकट दिली असती ती आता आपण द्यायची. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून याच एका गोष्टीवर येतं.

तिचं शरीर कसं चालतं ते थोडक्यात सांगतो कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. कोंबडीचं अंगच मुळात ४१-४२ अंश सेल्सियस असतं, आणि तिला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायचे तिचे मार्ग दोनच, एक म्हणजे उघडी कातडी, डोक्यावरचा तुरा, हनुवटीखाली लोंबणारे लाल पट्टे, पाय आणि पंखाखालची पातळ पिसांची जागा, आणि दुसरा म्हणजे चोच उघडून धापा टाकणं. हवा ३० च्या वर गेली की धापा सुरू होतात, ३८-४० च्या पुढे हवाच जवळजवळ अंगाइतकी गरम होते, मग कातडीतून उष्णता जायचा मार्ग बंद आणि सगळा भार धापांवर. धापा म्हणजे श्वासातून पाणी उडवणं. म्हणजे पाणी संपलं की खेळ संपला. एवढं साधं गणित आहे.

पहिली पायरी: कोंबड्या आणायच्या आधी एक दिवस नुसतं अंगण बघा

खरंच सांगतो, काही विकत घेऊ नका, एक सुट्टीचा दिवस काढा आणि सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता अंगणात सावली कुठे पडते ते खडूने नाहीतर दगड ठेवून मार्क करा. लोक बाराच्या उन्हाला घाबरतात पण कोंबड्यांचा खरा घात करतं ते ३ ते ६ चं ऊन, कारण तोवर जमीन, भिंत, पत्रा सगळं तापून बसलेलं असतं आणि सूर्य तिरका होऊन छपराखाली घुसतो. पश्चिमेकडे भिंत, झाड, वेल काहीतरी आडोसा पाहिजेच. नसेल तर शेडनेट उभी बांधा, छपरासारखी आडवीच बांधली पाहिजे असं काही नाही.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन फक्त छोट्या बाजूंवर पडतं. त्या छोट्या बाजू बंद केल्या तरी चालतात, लांब बाजू मात्र जाळीच्या, उघड्या. वाळवंटात खुराडं म्हणजे चार भिंतींची खोली नसावी, ती छप्पर असलेली जाळी असावी.

माझं पहिलं खुराडं दिसायला एकदम झकास होतं, रंग दिलेलं, छोटी खिडकी, वर पत्रा. मे महिन्यात दुपारी आत हात घातला तर चुलीत हात घातल्यासारखं वाटलं. त्या उन्हाळ्यात दोन कोंबड्या गेल्या आणि तेव्हा मी दोष देत होतो खाद्याला, पाण्याला, जातीला, सगळ्यांना सोडून त्या पत्र्याला. आता पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरं छप्पर आहे, जुन्या चटया आणि वाळलेल्या फांद्यांचं, मधून वारा खेळतो. खालच्या पत्र्यावर बाहेरून चुन्याचा जाड हात दिला. एवढ्यानेच आत उभं राहण्यासारखं झालं. छप्पर उंच ठेवा, माणूस न वाकता आत जाईल इतकं, साफसफाईला पण बरं पडतं.

जागेचा हिशोब म्हणजे रात्री बसायला एका कोंबडीमागे निदान ४ चौरस फूट आणि दिवसा फिरायला १० चौरस फूट, पण गरम प्रदेशात मी म्हणेन जमेल तितकं जास्त, कारण प्रत्येक कोंबडी ही एक छोटी शेगडीच आहे. बसायचे दांडे जमिनीपासून दोन-तीन फुटांवरच ठेवा, गरम हवा वर जमते, आणि एकीला फूटभर जागा द्या, उन्हाळ्यात त्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, पंख जरा फुलवून लांब लांब बसतात.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. खाली जाळी जमिनीवर फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून वाळूत पुरा, खणणारं जनावर अगदी भिंतीलगत खणायला लागतं आणि तिथेच त्याला जाळी लागते. रेताड जमिनीत खणणं सोपं, त्यामुळे हे टाळू नका.

खाली काय टाकायचं? जाडसर वाळू. वाळवंटात राहून भुसा विकत आणणाऱ्यांची मला गंमत वाटते. सावलीतली वाळू सकाळी गार असते, शिट पडली की तासाभरात वाळून खडा होतो, चाळणीच्या फावड्याने उचलायचा, संपलं. वास नाही, माश्या कमी. फक्त वाळू सावलीतली पाहिजे. उन्हातली वाळू ६० अंशांच्याही वर तापते, कोंबडीचे तळवे उघडे असतात, त्या बिचाऱ्या एका सावलीतून दुसऱ्या सावलीत अक्षरशः पळत जातात. म्हणून सावल्यांचे तुकडे एकमेकांना जोडलेले ठेवा, पाणी, खाद्य, अंड्याची पेटी सगळं एकाच सलग सावलीत.

दुसरी पायरी: कोणत्या आणि किती

हलक्या अंगाच्या, मोठ्या तुऱ्याच्या, फिकट रंगाच्या. पांढरी लेगहॉर्न याच कारणाने उन्हात टिकते, मूळची इटलीकडची, अंगावर चरबी कमी आणि तुरा इतका मोठा की एका डोळ्यावर पडतो. फायूमी ही इजिप्तमधल्या फायूमची, वाळवंटाच्या शेजारीच वाढलेली, चपळ, अंडी छोटी पण तब्येत कणखर, फक्त ती माणसाळत नाही, मांडीवर घेऊन फोटो काढायचा असेल तर विसरा. बिनपिसांच्या मानेच्या कोंबड्या दिसायला अर्धवट सोलल्यासारख्या दिसतात, माझ्या घरच्यांनी नाकं मुरडली होती, पण तीच उघडी मान उष्णता बाहेर टाकते. ब्रह्मा, कोचीन असल्या जाडजूड, पायावर पिसं असलेल्या कोंबड्या बघायला फार देखण्या. नका घेऊ.

सुरुवातीला चार ते सहा बस. एकटी कोंबडी पाळू नका, ती कळपाचा जीव आहे.

पिल्लं आणायची की तलंगा? पहिल्यांदा करत असाल तर तलंगा आणा, ४-५ महिन्यांच्या, अंड्यावर यायला आलेल्या. आणि आणा थंडी सुरू होताना, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत त्यांना जागेची सवय होते. ऐन उन्हाळ्यात आणलेली कोंबडी प्रवासात अर्धी मेलेली असते. पहिली उष्णतेची लाट सगळ्यात जास्त बळी घेते, नंतरच्या तेवढ्याच तापमानाला त्या तरतात कारण शरीर काही दिवसांत जुळवून घेतं.

पिल्लंच आणायची असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. वाळवंटात इथे मजा होते, दुपारी बल्बची गरजच नसते, उलट बल्ब चालू राहिला तर पिल्लं भाजतात, आणि पहाटे पारा धाडकन खाली येतो तेव्हा बल्ब नसेल तर गारठतात. थर्मामीटर पिल्लांच्या उंचीला ठेवा आणि त्याहीपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर गरम होतंय, सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर आहे.

विकत घेताना लसीचं विचारा, मानमोडीची म्हणजे राणीखेत रोगाची लस झाली आहे का आणि कधी. मानमोडीवर औषध नाही, लस हाच उपाय. नवीन आलेल्या कोंबड्या निदान तीन आठवडे वेगळ्या ठेवा, डालग्याखाली नका ठेवू इतके दिवस, स्वतंत्र जाळीत ठेवा, आणि आधी जुन्यांचं काम करून मग नव्यांकडे जा, उलटं नको.

पाणी, पाणी आणि परत पाणी

साध्या हवेत एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. कडक उन्हात तेच अर्धा लिटर आणि त्याच्याही वर जातं. सहा कोंबड्यांना तीन-चार लिटर, त्यात सांडणं आणि उडून जाणं धरा, म्हणजे मी दहा लिटरची सोय ठेवतो. आणि ती एका भांड्यात कधीच नाही, तीन ठिकाणी. कारण एक भांडं कलंडतं, एकात वाळू भरते, आणि एकावर कळपातली दादागिरी करणारी कोंबडी पहारा देत बसते, दुबळीला येऊ देत नाही.

पाणी गरम झालं की कोंबडी पीत नाही. तहान असूनही पीत नाही. म्हणून मातीचं पसरट भांडं उत्तम, पाझरतं आणि गार राहतं, कोरड्या हवेत तर भन्नाट काम करतं. प्लास्टिकचं असेल तर दुपारी त्यात गोठवलेली पाण्याची बाटली टाका.

निपल लावलेले पाइपवाले ड्रिंकर छान असतात, पाणी स्वच्छ राहतं, पण पाइप उन्हात असेल तर आतलं पाणी चहा करण्याइतकं तापतं आणि बाहेरून कळतही नाही, बाटली भरलेली दिसते म्हणून आपण निवांत. तसंच बागेच्या पाइपचं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी उकळतं असतं, ते आधी झाडाच्या आळ्यात सोडा, हाताला गार लागलं की मग भांडी भरा. मी एकदा घाईत तसंच कोंबडीच्या पायावर मारलं होतं, ती जी किंचाळली ते अजून आठवतं.

दुसरी भानगड म्हणजे खारं पाणी. वाळवंटात बोअरचं पाणी बरेचदा मचूळ असतं. माणूस पितो म्हणून कोंबडीला चालेल असं नाही, जास्त क्षार गेले की शिट पातळ होते, वाळू ओली राहते आणि अंड्याचं कवच पातळ होतं. शंका असेल तर पाणी तपासून घ्या, आणि पाणी मचूळ असेल तर वरून मीठ असलेलं इलेक्ट्रोलाइट पावडर रोज घालत बसू नका.

अजून एक, तुमचं पाण्याचं भांडं म्हणजे आसपासच्या मैलभरातल्या सगळ्या पाखरांचा पाणवठा आहे. चिमण्या, होले येतात, छान वाटतं, पण त्यांच्यासोबत उवा आणि रोगही येतात. रानपाखरांना पाणी जरूर ठेवा, पण कुंपणाच्या बाहेर, लांब.

खाद्य कधी हे खाद्य कोणतं याच्याइतकंच महत्त्वाचं

एका कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, लागतं. खाल्लेलं पचवताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी शिगेला पोचते. म्हणजे सकाळी दहाला भरपेट खाल्लं की दुपारी दोन-तीनला आतूनही भट्टी आणि बाहेरूनही. म्हणून उन्हाळ्यात माझं टायमिंग असं, उजाडायच्या आत खाद्य ठेवायचं, नऊच्या सुमाराला उचलायचं, संध्याकाळी ऊन उतरलं की परत ठेवायचं. पाणी मात्र कधीच उचलायचं नाही.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका, जिला पाहिजे ती खाते. उन्हाळ्यात पातळ कवचाची, कधीकधी तर बिनकवचाची अंडी येतात आणि लोक लगेच म्हणतात कॅल्शियम कमी पडलं. तेवढंच कारण नसतं. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे कार्बोनेटच कमी पडतं, वर कोंबडी खातेही कमी. सावली आणि गारवा वाढवला की कवच आपोआप सुधारतं, नुसता चुरा वाढवून होत नाही.

कलिंगडाची सालं, काकडी हे दुपारी द्या, पण थोडं. पाण्याने पोट भरतं आणि खाद्य खात नाहीत. मक्याचे, धान्याचे दाणे खाऊ म्हणून संध्याकाळी मूठभर, ते सुद्धा हाक मारून, म्हणजे हाकेला धावत यायची सवय लागते. वादळ येताना ही सवय फार कामाला येते.

दुपारी चारची फेरी

काहीही झालं तरी उन्हाळ्यात तीन ते पाचच्या मध्ये एकदा जाऊन यायचं. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब, हे नॉर्मल आहे, घाबरू नका. घाबरायचं कधी, तर कोंबडी एकटी कोपऱ्यात बसलीय, डोळे मिटतेय, तुरा फिका पडलाय किंवा काळपट झालाय, उचलली तरी धडपडत नाही.

तांबडी नावाची माझी एक कोंबडी, एरवी हात लावू देत नसे. एका दुपारी उचलली तर मान लटकी सोडून दिली. अशा वेळी काय करायचं ते सांगतो. बादलीत गार पाणी घ्या, बर्फाचं नाही, नुसतं गार, आणि कोंबडीला पाय आणि पोटापर्यंत त्यात उभी धरा, डोकं वर. पोटाखालची पिसं बोटांनी वेगळी करा म्हणजे पाणी कातडीपर्यंत जातं, नाहीतर पिसं वरच्यावर पाणी झटकतात. चोचीच्या कडेला पाण्याचं बोट लावा, स्वतः गिळेल तेवढंच, घशात ओतू नका, फुप्फुसात जातं. पाच-दहा मिनिटांनी सावलीत वाऱ्याला ठेवा. तांबडीने साधारण पंधरा मिनिटांनी डोळे उघडले आणि माझ्या अंगठ्याला चोच मारली, तेव्हा मला कळलं की वाचली.

नंतर तिला इलेक्ट्रोलाइट द्या. घरी करायचं तर चार लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा खायचा सोडा, एक मोठा चमचा साखर. हे काही तासच, आणि शेजारी साधं पाणी ठेवाच.

गारव्यासाठी वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा, वारा त्यातून येतो आणि गार होऊन येतो. फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणारा फवारा, लावणार असाल तर धुकं हवेतच विरलं पाहिजे, चिखल होता कामा नये. एक उथळ ताट, दोन इंच पाणी, त्यात कोंबड्या आपण होऊन पाय बुडवून उभ्या राहतात, नदीवर आलेल्या बायकांसारख्या गप्पा मारत. पण हे सगळे उपाय कोरड्या हवेचे. ज्या दिवशी ढग भरून येतात आणि हवा दमट होते त्या दिवशी पाणी उडतच नाही, मग फॉगर उलट घात करतो, तेव्हा फक्त पंखा आणि मोकळी हवा. तापमान ३६ आणि दमट हा दिवस मला ४२ आणि कोरड्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

अंडी

चार-पाच कोंबड्यांना एक फूट बाय एक फुटाची एक पेटी पुरते, सावलीत, जरा अंधारात, पण बंद डबा नको, मागून जाळी ठेवा. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, उन्हाळ्यात तीनदा. कोंबडा असेल तर अंडी फळलेली असतात आणि अशा गरमीत पेटीतच ती वाढायला लागतात, उबवायला कोंबडीचीही गरज पडत नाही. फोडल्यावर रक्ताचं कडं दिसलं की घरातले आठवडाभर ऑम्लेट खात नाहीत. यावर सरळ उपाय म्हणजे कोंबडा ठेवूच नका, अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो लागतो पिल्लांसाठी. आणि शेजाऱ्यांची झोप हा वेगळा विषय. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही ते ठीक, पण झाकलेलं कोंबडंसुद्धा पहाटे तीनला ओरडतं हे म्हणीत कुणी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात अंडी कमी होणार, निम्म्यावर पण येतील. पुढे शरद ऋतूत पिसं झडतात तेव्हा तर काही आठवडे बंदच. हे आजारपण नाही, त्यांना सुट्टी द्या.

खुडूक कोंबडी मात्र वाळवंटात धोक्याची आहे. ती तापलेल्या पेटीत अंग फुगवून २१ दिवस बसायला तयार असते, अंडी असोत नसोत, दिवसातून एकदा उठते, पाणी पिते न पिते. दोन दिवस रोज उठवून बघा, नाही ऐकलं तर खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात सावलीत ठेवा, दोन विटांवर उचलून, पोटाखालून वारा लागला पाहिजे, पाणी-खाद्य आत. तीन-चार दिवसांत डोकं ताळ्यावर येतं. जाता-येता शिव्या घालेल, घालू द्या.

रात्रीची गोचीड, ज्याबद्दल कुणी सांगत नाही

कोरड्या गरम भागातला हा सगळ्यात चिवट त्रास. कोंबड्यांची गोचीड दिवसा अंगावर नसतेच, ती लाकडाच्या भेगेत, दांड्याच्या सांध्यात, सालीखाली लपते आणि रात्री येऊन रक्त पिऊन परत जाते. त्यामुळे दिवसा कोंबडी उलटीसुलटी करून बघितली तरी काही सापडत नाही, आणि कोंबडी मात्र सुकत चाललेली, तुरा पांढरा, अंडी बंद. माझ्याकडे दोन महिने हेच चाललं, मी जंताचं औषध देत बसलो. मग एका रात्री अकराला टॉर्च घेऊन गेलो आणि दांडा उचलून उलटा केला, तर खोबणीत चपट्या, राखाडी-लालसर, मनुक्यासारख्या चिकटलेल्या ओळीने. अंगावर काटा आला. त्यांची छोटी पिल्लं मात्र कोंबडीच्या अंगावरच काही दिवस चिकटून राहतात, पंखाखाली काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात.

ही गोचीड उपाशी वर्षानुवर्षं जगते, म्हणून खुराडं चार महिने रिकामं ठेवून मरत नाही. उपाय म्हणजे लाकूड कमी करा, दांडे लोखंडी पाइपाच्या आकड्यांवर टेकवा, भेगा लिंपून टाका, आणि पशुवैद्याने सांगितलेलं औषध कोंबडीवर कमी आणि खुराड्याच्या सांध्यांत जास्त मारा, दहा-पंधरा दिवसांनी परत. ती चावताना आजारही पसरवते, कोंबडीला ताप, हिरवट हगवण, पाय लुळे पडणं असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. एकाएकी दोन-तीन दगावल्या तर मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने हात लावू नका आणि लगेच सरकारी पशुवैद्यकाला कळवा, बर्ड फ्लू असू शकतो.

उवा आणि बारीक किडे यांच्यासाठी निसर्गानेच सोय केलीय, धुळीची अंघोळ. सावलीत फूटभर खोल खड्डा, भुसभुशीत माती आणि वाळू, बास. कोंबडी त्यात आडवी पडते, पंखाने माती अंगावर उडवते, एक पाय वर करून मेल्यासारखी पडून राहते. पहिल्यांदा बघणारा माणूस धावत सांगायला येतो की तुमची कोंबडी गेली.

वादळ, थंडी आणि पाहुणे

धुळीचं वादळ येताना दिसलं की हाक मारा, आत घ्या, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री सोडा, दुसरी बाजू उघडी ठेवा. गेल्यावर आधी सगळं पाणी बदला, मग डोळे आणि नाकपुड्या बघा, ओल्या फडक्याने पुसा. शेडनेटच्या गाठी दर महिन्याला तपासा, एकदा माझी नेट तिसऱ्या घराच्या गच्चीवर सापडली.

थंडीच्या रात्री पारा शून्याला टेकला तरी काळजी करू नका, कोंबडीची पिसं म्हणजे रजईच आहे, फक्त थेट वारा आणि ओल नको. मोठ्या तुऱ्यावर व्हॅसलीन चोळा. हिटर, बल्ब लावू नका, कोरड्या हवेत आगीला निमित्त लागत नाही.

साप येतात, अंड्यांसाठी आणि उंदरांसाठी. रात्री खाद्य उघडं ठेवलं नाही की उंदीर नाहीत, उंदीर नाहीत की साप कमी. पेटीत हात घालायच्या आधी बघून घाला, नेहमी. ससाण्यासाठी वरूनही जाळी पाहिजे. विंचवांचं मात्र उलटं, कोंबड्या सकाळी दगडाखालून विंचू ओढून काढतात, आपटतात, नांगीसकट गिळतात आणि मागे बाकीच्या पळत असतात हिसकावून घ्यायला. कोंबड्या आल्यापासून अंगणात अनवाणी फिरायचं धाडस होतं.

काटे मात्र वेचत चला. तळव्यात काटा मोडला की तिथे पू होऊन काळी खपली धरते, कोंबडी लंगडते. आठवड्यातून एकदा रात्री दांड्यावर बसलेली असताना उचलून तळवे बघायचे, त्यातच वजन, डोळे, पंखाखाली सगळं बघून होतं, अंधारात त्या गरीब गायीसारख्या वागतात.

शिट वाळून गोळा झाली की थेट झाडाला घालू नका, जळतं झाड. पालापाचोळ्यात मिसळून पाणी मारत तीन-चार महिने कुजवा, वाळवंटात हे पाणी मारणंच लोक विसरतात आणि मग म्हणतात खत होत नाही. झालेलं खत खुराड्याच्या पश्चिमेला लावलेल्या झाडालाच घाला, दोन-तीन वर्षांत तेच सावली देतं आणि शेडनेट काढता येते.

आणि गावाला जायचं असेल तर शेजाऱ्याला आधी दोन दिवस बोलावून सोबत काम करायला लावा, नुसतं सांगून जाऊ नका. तेवढ्या दिवसांची अंडी त्याची, हा सौदा कुणी नाकारत नाही. तीन भांडी, दुपारची फेरी, संध्याकाळी मोजून दार लावणं एवढं कागदावर लिहून दाराला चिकटवा. सगळ्यात वर लिहा, पाइपातलं पहिलं पाणी झाडाला, कारण ते कुणीही आपण होऊन करत नाही.